औषध देताना होणाऱ्या चुका : ट्रे, सिरिंज आणि ट्रीटमेंट शीट

पांझरा

राम राम मंडळी. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वॉर्डांत काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी आणि जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींसाठी हा धागा काढतेय. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते त्याने लिहावं. आकडे, अँप्यूलची ताकद, काय कशात मिसळायचं, चूक कुठे होते, असं. अनुभवाच्या गोष्टी नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

माझं म्हणणं आधी मांडते. "लक्ष देऊन काम कर" हे प्रत्येक ओव्हरला (ड्यूटी बदलताना) सांगितलं जातं आणि त्याने फारसं काही थांबत नाही. रात्री तीन वाजता, एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना लक्ष कमी पडणारच. म्हणून कपाट आणि ट्रे असे मांडलेले हवेत की हात चुकला तरी चुकीची वस्तू हाताला लागू नये.

सर्वांत आधी केसीएल. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल १० एमएलची असते आणि डिस्टिल वॉटरची पण १० एमएलची. बऱ्याच कंपन्यांची प्लास्टिक अँप्यूल दिसायला जवळपास सारखी. दोन्ही एकाच खोक्यात ठेवल्या की कधी ना कधी कुणीतरी अँटिबायोटिकची पावडर केसीएलमध्ये विरघळवणार किंवा व्हेन-फ्लो (शिरेत बसवलेली नळी) त्याने फ्लश करणार. केसीएल थेट शिरेतून सिरिंजने गेलं तर हृदय थांबतं. तिथे सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून :

केसीएल डिस्टिल वॉटर आणि एनएसच्या (नॉर्मल सलाईनच्या) कप्प्यात ठेवायचं नाही. वेगळा डबा, त्याला कुलूप, वर लाल पट्टी आणि मोठ्या अक्षरात "पातळ केल्याशिवाय देऊ नये".

इमर्जन्सी ट्रेमध्ये केसीएल ठेवायचं नाही. तातडीने पुश करावं लागेल अशी वेळ त्या औषधाला येतच नाही.

चालू असलेल्या, टांगलेल्या बाटलीत केसीएल घालायचं नाही. ते जड असतं, खाली पोर्टजवळ बसतं आणि पेशंटला पहिल्या काही मिनिटांत घट्ट डोस जातो. बाटली खाली काढा, केसीएल घाला, आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा, लेबल लावा, मग टांगा.

दुसरी गोष्ट बिनलेबलच्या सिरिंजची. ट्रेमध्ये चार सिरिंज भरून ठेवल्या आणि चारही पाण्यासारख्या दिसतात. एक पॅन्टॉप, एक ऑन्डेम, एक ट्रॅमाडॉल, एक फ्लश. मध्येच कुणी हाक मारली, परत आल्यावर कोणती कोणाची? मायक्रोपोरची पट्टी फाडून सिरिंजवर लावायला दहा सेकंद लागतात. त्यावर औषधाचं नाव, एकूण डोस, किती एमएलमध्ये केलंय, बेड नंबर, वेळ, आपली सही. पट्टी आकड्यांच्या खुणांवर चिकटवू नका, मागच्या बाजूने लावा. ज्या सिरिंजवर पट्टी नाही ती टाकून द्यायची. "मला माहितीये ही कशाची" असं कुणी म्हणालं तरी टाकायची.

तापीकाठ

पांझराताई, खूप उपयोगी. मी जीएनएम तिसऱ्या वर्षाला आहे. एक प्रश्न : ऑर्डर असते "२० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) केसीएल" आणि अँप्यूलवर लिहिलेलं असतं १५ टक्के. परीक्षेत टक्क्यांवरून एमजी काढतो, पण एमईक्यू कसं काढायचं ते नीट कळत नाही.

फार्मसीतला

१५ टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये १५ ग्रॅम, म्हणजे १ एमएलमध्ये १५० एमजी. पोटॅशियम क्लोराइडचं ७४.५ एमजी म्हणजे १ एमईक्यू. म्हणून १५० एमजी म्हणजे २ एमईक्यू. अँप्यूल १० एमएलची, तेव्हा पूर्ण अँप्यूलमध्ये २० एमईक्यू. हे पाठ करून ठेवा : एक एमएल, दोन एमईक्यू.

पुढचं गणित : हातातल्या शिरेतून द्यायचं असेल तर एका लिटरला ४० एमईक्यूपेक्षा जास्त घट्ट नको. म्हणजे ५०० एमएलच्या बाटलीत एकच अँप्यूल. वेग साधारण तासाला १० एमईक्यू, म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. यापेक्षा जोरात द्यायचं असेल तर मॉनिटर लावलेला पेशंट हवा आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर हवी. लघवी होत नसेल तर केसीएल चढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता दिसायला सारख्या औषधांबद्दल. सरकारी पुरवठ्यात टेंडर बदललं की कंपनी बदलते, कंपनी बदलली की अँप्यूलचा रंग, लेबल, झाकण सगळं बदलतं. मागच्या महिन्यात निळी रिंग असलेली अँप्यूल एका औषधाची होती, या महिन्यात तीच निळी रिंग दुसऱ्याची. अनुभवी स्टाफ रंगावरून ओळखतो आणि नेमका तोच फसतो. नवा माल वॉर्डात आला की जुन्या शेजारी ठेवून दोन्हींचा फोटो नोटीस बोर्डावर लावायचा. फार्मसीकडून आम्ही हे करू शकतो, पण इंडेंट (वॉर्डाने मागवलेला माल) घ्यायला येणाऱ्या मावशी-मामांनी माल थेट कपाटात ओतू नये, सिस्टरने लेबल वाचून लावावा.

हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) व्हायल खास जपा. ५ एमएलच्या व्हायलमध्ये दोन ताकदी येतात : एकीत एकूण ५,००० युनिट, म्हणजे एमएलला १,०००. दुसरीत एकूण २५,००० युनिट, म्हणजे एमएलला ५,०००. व्हायलचा आकार तोच. ५,००० युनिटच्या ऑर्डरला पहिलीतून पूर्ण ५ एमएल लागतं, दुसरीतून फक्त १ एमएल. पहिली समजून दुसरी पूर्ण घेतली तर पाचपट डोस. एका वॉर्डात एकच ताकद ठेवा, दुसरी परत पाठवा. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त काम करतो.

नावं सारखी असलेली : डोपामिन-डोब्युटामिन, सेफोटॅक्सिम-सेफ्टाझिडीम-सेफ्ट्रायॅक्सोन. ही अक्षरक्रमाने शेजारी शेजारी लावू नका.

सातपुडा

सगळं पटतंय, फक्त केसीएलच्या बाबतीत एक अडचण. मोठ्या हॉस्पिटलात "वॉर्डातून केसीएल काढून टाका, फार्मसीतून तयार मागवा" असं सांगतात. तेच बरोबर आहे. पण अक्कलकुवा, धडगाव बाजूच्या ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळनंतर फार्मसी बंद. हगवणीचं बाळ रात्री आलं, पोटॅशियम कमी निघालं, तर आणणार कुठून? त्यामुळे आमच्याकडे ते वॉर्डात ठेवावंच लागतं.

पांझरा

सातपुडा, म्हणूनच कुलपाचा डबा लिहिला. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे, डब्यात दोन किंवा तीनच अँप्यूल, आणि प्रत्येक अँप्यूल काढली की वहीत पेशंटचं नाव, आयपीडी (भरती) नंबर, वेळ आणि दोन सह्या. दुसरी सही डॉक्टरची चालेल. साठा कमी असला की चूक पण लहान राहते.

सातपुडा

हे जमण्यासारखं आहे. आता आमच्या भागाचं वेगळं दुखणं सांगते : पेशंटची ओळख.

नंदुरबारच्या वॉर्डात एकाच वेळी तीन पावरा, दोन वळवी, दोन पाडवी असतात आणि त्यांतल्या दोघींचं पहिलं नावही एकच असतं. जळगावकडे पाटील आणि महाजनांचं तेच. "तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारलं की बाई मान हलवते. सिस्टर मोठ्या माणसासारखी वाटते, तिला नाही कसं म्हणायचं, आणि मराठी नीट कळत नसेल तर हो म्हणणंच सोपं. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, तिच्या तोंडून काढायचं. "माय, तुन्हं पुरं नाव काय शे?" असं अहिराणीत विचारलं की बायका मोकळेपणी सांगतात. पावरी किंवा भिली बोलणारी असेल तर सोबतच्या माणसाला विचारायला लावा. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव. मग हातातली पट्टी आणि केसपेपरवरचा आयपीडी नंबर जुळवा. बेड नंबरवर विसंबू नका. संध्याकाळी पंख्याखाली जागा मिळावी म्हणून नातेवाईक परस्पर बेड बदलतात.

लहान मुलांच्या डोसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे कुपोषित मुलं खूप येतात. दोन वर्षांचं मूल सात किलोचं असतं. वयावरून अंदाजाने डोस दिला तर जास्त होतो. रोज सकाळी वजन करून ट्रीटमेंट शीटच्या वरच्या कोपऱ्यात किलोमध्ये लिहा आणि त्याला गोल करा. वजन लिहिलेलं नसेल तर इंजेक्शन भरायचं नाही.

जेन्टामायसिनचं उदाहरण घ्या. दोन किलोचं बाळ, ऑर्डर किलोला ५ एमजी, म्हणजे १० एमजी. बाजारात दोन ताकदी : २ एमएलमध्ये ८० एमजी आणि २ एमएलमध्ये २० एमजी. पहिलीतून ०.२५ एमएल घ्यायचं, दुसरीतून १ एमएल. लहान ताकदीची सवय असलेल्या हाताने मोठ्या ताकदीतून १ एमएल घेतलं की ४० एमजी गेलं, चौपट. बाळाची किडनी आणि कान दोन्हीला धोका. ०.२५ ऐवजी २.५ वाचलं तर दहापट. इथे एक खूण लक्षात ठेवा : एका नवजात बाळासाठी एकापेक्षा जास्त अँप्यूल फोडावी लागतेय असं दिसलं की हात थांबवा आणि गणित पुन्हा करा. १ एमएलपेक्षा कमी औषध नेहमी १ एमएलच्या सिरिंजमध्ये घ्या. ५ एमएलच्या सिरिंजवर ०.२५ दिसतच नाही.

पॅरासिटामॉलचं पण तेच. ड्रॉप्स १ एमएलमध्ये १०० एमजी, सिरप ५ एमएलमध्ये १२५ एमजी, आणि ५ एमएलमध्ये २५० एमजीवालं सिरपसुद्धा मिळतं. आठ किलोच्या मुलाला किलोला १५ च्या हिशेबाने १२० एमजी हवं. ड्रॉप्स असतील तर १.२ एमएल, पहिलं सिरप असेल तर ४.८ एमएल, दुसरं असेल तर २.४ एमएल. "पॅरासिटामॉल ५ एमएल" ही ऑर्डर अपुरी आहे. ड्रॉप्समधून ५ एमएल पाजलं तर ५०० एमजी जातं.

तोंडाने द्यायचं औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवू नका. कुणीतरी ते शिरेतून देऊ शकतं. चमचा, मापाचं झाकण किंवा तोंडाची वेगळी सिरिंज, यातलं काहीही चालेल.

भरीतभाकर

सातपुडाताईंचा प्रतिसाद छापून पीडियाट्रिक वॉर्डात लावावा असा आहे.

मी इन्सुलिनवर लिहितो, कारण आयसीयू आणि मेडिसिन वॉर्डात सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे आहे.

आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिटवाली, म्हणजे १ एमएलमध्ये ४० युनिट. पेन आणि काट्रिजमध्ये १ एमएलला १०० युनिट, आणि काही नव्या इन्सुलिनच्या व्हायलही १०० च्या. सिरिंजसुद्धा दोन : ४० वालीचं झाकण लाल, १०० वालीचं केशरी. व्हायल आणि सिरिंजची जोडी जुळलीच पाहिजे. १०० च्या व्हायलमधून लाल झाकणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर अर्धा एमएल आला, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर ०.२ एमएल, म्हणजे ८ युनिट. पहिल्यात शुगर कोसळते, दुसऱ्यात खाली येत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. मग कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं आणि वाढवलेला डोस पूर्ण लागू पडतो. ही दुसरी चूक जास्त फसवी.

पेन बिघडलं म्हणून काट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका. त्यात ३ एमएलमध्ये ३०० युनिट आहेत.

इन्सुलिनची ड्रिप : ५० एमएल एनएसमध्ये ५० युनिट रेग्युलर, म्हणजे १ एमएलला १ युनिट. ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ एमएल, १०० च्या व्हायलमधून ०.५ एमएल. दोन स्टाफनी वेगवेगळं काढून आकडा जुळवायचा. इन्सुलिन नळीला चिकटतं, म्हणून सुरू करण्याआधी २० एमएलच्या आसपास नळीतून वाहू द्या. शिरेतून फक्त पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं रेग्युलर. दुधाळ दिसणारं, म्हणजे एनपीएच किंवा ३०/७०, शिरेतून कधीच नाही.

आणि जेवण. रेग्युलर किंवा ३०/७० जेवणाआधी अर्धा तास द्यायचं. आपल्याकडे पेशंटचा डबा गावाहून एसटीने येतो. एसटी चुकली, इन्सुलिन गेलंय आणि पेशंट उपाशी. डबा समोर आलाय का ते बघूनच टोचा. सोनोग्राफीसाठी किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्याला सकाळचा नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दोन स्टाफनी तपासणं कसं करायचं त्याबद्दल : "हे बघ, १.२५ एमएल, बरोबर ना?" असं विचारलं की समोरची हो म्हणते. त्याला तपासणं म्हणत नाहीत. दुसरीला फक्त ऑर्डर आणि व्हायल द्या, तिचा आकडा तिला काढू द्या, मग दोन्ही जुळवा. सगळ्या औषधांना हे शक्य नाही आणि करूही नका, नाहीतर ते नुसतं सही मारणं होतं. इन्सुलिन, हेपॅरिन, केसीएल, मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट), इनोट्रोप (हृदय आणि बीपी सावरणारी औषधं), मॉर्फिन-फेंटानिल, केमोथेरपी आणि नवजात बाळाचं कुठलंही इंजेक्शन. एवढ्यांना चुकवू नका.

फार्मसीतला

इन्सुलिनच्या साठवणीचं जोडतो. उघडलेली व्हायल २८ दिवस बाहेर चालते असं लिहिलेलं असतं, पण ते २५ ते ३० अंशांच्या आतल्या खोलीसाठी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि वॉर्डात दुपारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे मार्च ते जून उघडलेली व्हायलही फ्रीजमध्येच ठेवा, २ ते ८ अंशांत. उघडल्याची तारीख व्हायलवर लिहा. बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. फ्रीजच्या दारातही नको, दार सारखं उघडतं. थर्मामीटर आत, दिवसातून दोनदा नोंद. वीज गेली तर दार बंद ठेवा आणि परत आल्यावर आधी तापमान बघा.

ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिनला (बाळंतपणात गर्भाशय आवळणारी औषधं) पण हेच. उन्हात राहिलेल्या ऑक्सिटोसिनचा जोर कमी होतो आणि बाळंतिणीचं रक्त थांबत नाही. डोस बरोबर दिला असला तरी ती औषधाचीच चूक धरली पाहिजे.

गिरणाकाठ

लेबर रूमचं मी लिहिते.

ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन दोन्ही १ एमएलच्या छोट्या अँप्यूल, दोन्ही फ्रीजमध्ये, बहुतेक वेळा एकाच वाटीत. बाळ बाहेर आल्यावर द्यायचं ते १० युनिट ऑक्सिटोसिन, स्नायूत. ५ युनिटची अँप्यूल असेल तर दोन फोडा. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नाही, झटका किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि बाळ पोटात असताना मेथर्जिन गेलं तर गर्भाशय आवळून बसतं, बाळ गुदमरतं. म्हणून मेथर्जिन फ्रीजमध्येही वेगळ्या झाकणाच्या डब्यात, आणि डिलिव्हरी ट्रेमध्ये आधीपासून भरून ठेवायचं नाही.

मॅगसल्फ, बीपी वाढून झटके येणाऱ्या गरोदर बाईला देतात ते. अँप्यूल २ एमएलची, ५० टक्के, म्हणजे एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. लेबलवर ५० टक्के लिहिलंय का ते दर वेळी वाचा. पहिला डोस एकूण १४ ग्रॅम, म्हणजे १४ अँप्यूल :

शिरेतून ४ ग्रॅम. चार अँप्यूल म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल एनएस किंवा डिस्टिल वॉटर, एकूण २० एमएल. हे झालं २० टक्के. हळूहळू, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही. ५० टक्केवालं न पातळ करता शिरेतून देणं ही इथली सगळ्यांत घातक चूक.

स्नायूत १० ग्रॅम. प्रत्येक कुल्ल्यात पाच अँप्यूल, १० एमएल, न पातळ करता, खोलवर. दुखतं म्हणून सिरिंजमध्ये १ एमएल २ टक्के लिग्नोकेन घेतात. ते साधं लिग्नोकेन. अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं लिग्नोकेन शेजारीच असतं, नाव वाचून घ्या.

त्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, कुल्ला बदलून. शेवटचा झटका किंवा डिलिव्हरी, जे नंतर असेल तिथून २४ तास. पण प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी : गुडघ्याची उडी आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, मागच्या चार तासांत लघवी १०० एमएलच्या वर झाली का. एक जरी नसली तरी डोस थांबवा आणि कळवा. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० एमएल आणि सिरिंज ठेवलेलीच हवी.

फोडलेल्या अँप्यूल किडनी ट्रेमध्ये ठेवा, डोस पूर्ण झाल्याशिवाय फेकू नका. चौदा मोजता आल्या पाहिजेत.

तापीकाठ

गिरणाकाठताई, वहीत उतरवून घेतलं. अजून एक : रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात. ती घ्यायची की नाही? आणि राउंडला घाईत लिहिलेलं अक्षर लागलं नाही तर?

केळीबाग

मी मेडिकल ऑफिसर आहे, ऑर्डर लिहिणाऱ्यांच्या बाजूने उत्तर देतो.

फोनवरची ऑर्डर फक्त खरोखर तातडी असेल तेव्हा. फोन स्पीकरवर, दुसरा स्टाफ ऐकायला. आधी लिहून घ्या, मग लिहिलेलं वाचून दाखवा : पेशंटचं नाव, औषध, डोस आकड्यात आणि एकेक अंक सुटा करून. "पंधरा एमजी, एक-पाच." पन्नास आणि पंधरा फोनवर सारखे ऐकू येतात. डॉक्टरने हो म्हटल्यावरच भरा, वेळ लिहा, आणि डॉक्टर आल्यावर सही घ्याच. केसीएल, केमो किंवा नवजात बाळाचा डोस फोनवर घेऊ नका, डॉक्टरला बोलवा.

अक्षर लागलं नाही तर अंदाज करू नका. जुन्या शीटवरून किंवा पेशंटच्या आजारावरून "हेच असेल" असं ठरवू नका. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हे २०१६ पासून डॉक्टरांच्या नियमावलीतच आहे. तुम्ही विचारलंत तर तो अपमान नाही, आमचं काम आम्हाला आठवून देणं आहे.

आमच्याकडून होणाऱ्या लिहिण्याच्या चुका : युनिटसाठी नुसतं यू लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात, "युनिट" पूर्ण लिहा. १ लिहायचं असेल तर १.० नको, टिंब पुसट असलं की १० होतं. अर्धा लिहायचा तर .५ नको, ०.५ लिहा. मायक्रोग्रॅमचं चिन्ह नको, पूर्ण शब्द लिहा, नाहीतर एमजी वाचून हजारपट डोस जातो. अशी ऑर्डर दिसली की दुरुस्त करून मागा.

आपल्या भागातलं अजून एक. कपाशीवर फवारणीचे दिवस आले की ऑर्गॅनोफॉस्फरसची (कीटकनाशकाची) विषबाधा घेऊन पेशंट येतात. अ‍ॅट्रोपिनची अँप्यूल ०.६ एमजी, १ एमएल. सुरुवात १.८ ते ३ एमजी, म्हणजे तीन ते पाच अँप्यूल, आणि परिणाम दिसला नाही तर दर पाच मिनिटांनी दुप्पट. पाच, दहा, वीस अशा अँप्यूल फोडल्या जातात. या धावपळीत दोन चुका होतात. कुणी मोजलं नाही म्हणून एकूण किती गेलं ते कळत नाही, आणि मूठभर अँप्यूल उचलताना त्यात अ‍ॅड्रिनलीनची येते. एका माणसाने फक्त वेळ, डोस आणि पाच खुणा लिहायच्या : छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, बाहुली टाचणीएवढी राहिलेली नाही. दुसऱ्याने रिकाम्या अँप्यूल ट्रेमध्ये ओळीने लावायच्या. खुणा जमल्या की दुप्पट करणं थांबवायचं आणि एकूण गेलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. पेशंट बडबडायला लागला, ताप चढला, पोटाचे आवाज बंद झाले तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. आपल्या उन्हाळ्यात हा ताप लवकर चढतो आणि लू समजून सोडून दिला जातो.

सर्पदंशात अ‍ॅड्रिनलीनची वाट चुकते, तेही इथेच सांगतो. अँटिस्नेक व्हेनम चढवताना रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्या माणसाला १:१००० ताकदीचं ०.५ एमएल स्नायूत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पूर्ण १ एमएल शिरेतून ढकललं जातं, कारण हृदय थांबल्यावर तसं देतात हे डोक्यात बसलेलं असतं. अँटिस्नेक व्हेनम सुरू करण्याआधीच ०.५ एमएल भरून, "स्नायूत" अशी पट्टी लावून ठेवा. आणि अँटिस्नेक व्हेनमची व्हायल १० एमएल डिस्टिल वॉटर घालून हलक्या हाताने फिरवा. जोरात हलवली की फेस होतो. लहान मुलालाही मोठ्यांएवढ्याच व्हायल लागतात, इथे वजनाचा हिशेब लावून कमी करू नका.

भरीतभाकर

केळीबाग डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. ड्रिपमध्ये काय कशात चालत नाही त्याची तीन उदाहरणं देतो, बाकी यादी फार्मसीतल्या दादांनी द्यावी.

फेनिटॉइन (झटक्यांवरचं औषध) फक्त एनएसमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की पांढरा साका बसतो. ६० किलोच्या माणसाला किलोला २० प्रमाणे १,२०० एमजी, २ एमएलच्या १०० एमजीवाल्या बारा अँप्यूल. मिनिटाला ५० एमजीच्या वर जायचं नाही, म्हणजे २४ मिनिटांच्या आत संपवायचं नाही. मॉनिटर लावून अर्धा तास धरा.

सेफ्ट्रायॅक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) एका नळीतून नको, आरएलमध्ये कॅल्शियम असतं. नवजात बाळाला कॅल्शियम चालू असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन द्यायचंच नाही.

थेंबांचं गणित सेटवर वाचून करा. साधा सेट बहुतेक वेळा १ एमएलला २० थेंबांचा, काही १५ चे येतात, मायक्रो ६० चा. ५०० एमएल चार तासांत म्हणजे तासाला १२५ एमएल. २० च्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब, १५ च्या सेटवर ३१.

गिरणाकाठ

चूक झालीच तर काय करायचं ते कुणी लिहिलं नाही अजून. मेमो मिळेल या भीतीने लपवली जाते आणि उताऱ्याचा वेळ निघून जातो.

पांझरा

बरोबर, ते राहिलंच. आधी औषध बंद, पण व्हेन-फ्लो काढायचा नाही, उतारा त्यातूनच द्यायचाय. नाडी, बीपी, श्वास, शुगर. डॉक्टरला एका वाक्यात : "बेड सात, इन्सुलिन २० ऐवजी ५० युनिट गेलं, दहा मिनिटं झाली." गोलगोल बोलू नका.

उतारे : इन्सुलिनला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० एमएल आणि नंतर तासातासाला शुगर, कारण ती पुन्हा पडते. केसीएल आणि मॅगसल्फला कॅल्शियम ग्लुकोनेट. हेपॅरिनला प्रोटामिन, १०० युनिटला १ एमजी. मॉर्फिन-फेंटानिलला नॅलॉक्सोन. हे इमर्जन्सी ट्रेमध्ये आहेत का आणि एक्स्पायरी काय, हे दर सोमवारी बघा.

अँप्यूल, व्हायल, सिरिंज जपून ठेवा. केसपेपरवर काय दिलं, किती, केव्हा, काय केलं एवढंच. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ, सही, वेळ. नातेवाईकांना डॉक्टरसोबत जाऊन सांगा.

आणि इन्चार्ज, मेट्रन मॅडम वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती : चुकीची नोंद करणाऱ्याला पहिल्याच दिवशी मेमो दिला तर पुढची नोंद येणार नाही. एनएबीएचवाल्या (दर्जाचं प्रमाणपत्र असलेल्या) हॉस्पिटलांत नोंदीची पद्धत आहेच, पण साधी वही ठेवली तरी चालते. त्यात हातून सुटता सुटता वाचलेल्या चुकाही लिहा. "केसीएल डिस्टिल वॉटरच्या खोक्यात सापडलं" ही नोंद एक जीव वाचवते.

औषध बरोबर असूनही रिअ‍ॅक्शन आली तर तिची नोंद वेगळी. फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, सिस्टरही कळवू शकते.

सातपुडा

एक शेवटचं, डिस्चार्जचं. घरी जाताना चिठ्ठीवर ओडी-बीडी (दिवसातून एकदा-दोनदा) लिहून उपयोग नाही. पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र काढा आणि गोळीचं चित्र. मेथोट्रेक्सेट (संधिवात, सोरायसिसचं औषध) आठवड्यातून एकदाच असतं, ते रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात. पाकिटावर वार लिहा. वाचता येत नसेल तर बाजाराचा वार विचारा आणि "बाजाराच्या दिवशी, बाकी दिवशी नाही" असं सांगा. एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या द्या. सांगून झाल्यावर त्यांच्याकडून परत वदवून घ्या, आणि गोळ्या देणारी सून किंवा मुलगा समोर असेल तेव्हाच.

फार्मसीतला

मेथोट्रेक्सेट आम्ही यापुढे वेगळ्या पिवळ्या पाकिटात देऊ, वार पाकिटावर शिक्क्याने. वॉर्डातून चिठ्ठी पाठवताना वार लिहिलेला नसेल तर गोळ्या थांबवून फोन करू.